अकरा नंबरचा ठिपका

यंत्रातून कागद बाहेर आला, तो फाडून घेण्याआधीच जुईलीने वाचला. एकशे अठ्ठावन्न. तिने पुन्हा वाचला. आकडा तोच होता.

अकोल्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जुईली तंत्रज्ञ होती, आणि हा कागद पार्वताबाईंचा होता. आपल्या रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी असतात. त्या म्हणजे शरीराचे राखणदार. एचआयव्हीचा विषाणू नेमका या राखणदारांवरच उठतो, म्हणून ते किती उरलेत हे अधूनमधून मोजावं लागतं. धडधाकट माणसात ते रक्ताच्या एका बारीकशा थेंबात पाचशेच्या वर असतात. पार्वताबाईंचे दीड वर्षापूर्वी तीनशे बेचाळीस होते. मग दोनशे पासष्ट झाले, मग दोनशे चार, आणि आज हे. औषध चालू असताना आकडा चढायला हवा. यांचा दर खेपेला खालीच.

पार्वताबाई बाहेरच्या बाकावर पदराने वारा घेत बसल्या होत्या. बार्शीटाकळीजवळ त्यांची शेती होती. मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन त्या सकाळीच आल्या होत्या.

"किती आलं वं?"

जुईलीने आकडा सांगितला.

"म्हंजे अजून घसरलं." आणि त्या ठामपणे म्हणाल्या, "मंग आयक पोरी. आज मी शेवटची आली. उद्यापासून गोळी बंद."

"असं काय बोलता मावशी!"

"काहून नाई बोलू? दीड वर्स झालं, रोज रात्री गोळी घेतो. घेतली का सपनं पडतात, अन् सपनं बी कशी! परवा आमची म्हैस मोबाइलच्या टॉवरवर चढून बसली होती. वरतून मले म्हने, पार्वते, ये वर, हवा लय झकास हाय. रातभर मी त्या टॉवरवर चढून राह्यली. सकाळी उठली तं पाय दुखत होते. एवढं सोसून बी आकडा खालीच, अन् तुहे डॉक्टर मले विचारतात, बाई, खरं सांगा, गोळ्या फेकता ना?"

जुईलीला हसू फुटलं आणि ती हसता हसता थांबली. त्या गोळीत तीन औषधं होती. त्यातल्या एकाची खोडच अशी होती की माणसाला रात्री रंगीत, लांबलचक स्वप्नं पडतात. गोळी फेकणाऱ्या बाईची म्हैस टॉवरवर चढत नाही. म्हणजे पार्वताबाई खरं बोलत होत्या.

"मावशी, मला अर्धा तास द्या. कुठं जाऊ नका."

ती फाइल घेऊन सरळ डॉक्टर नारायण यांच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी फाइल उघडली. कालच आलेला एक कागद सगळ्यात वर होता. रक्तात विषाणू किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीचा तो निकाल होता, आणि त्यावर लिहिलं होतं, 'विषाणू आढळला नाही'.

"म्हणजे गोळ्या घेतात त्या," डॉक्टर म्हणाले. "माझा संशय खोटा होता. मी माफी मागेन त्यांची. क्षयही तपासला, तोही नाही. पण काही जणांत असं होतं जुईली. विषाणू दबतो आणि पेशी काही वाढत नाहीत. तीन महिने थांबून पाहू."

"न वाढणं वेगळं, सर. यांच्या घटतायत. आणि त्या तीन महिने थांबणार नाहीत. उद्यापासून गोळी बंद म्हणतात."

"मग तुझं म्हणणं काय?"

जुईलीच्या मनात ती गोष्ट गेल्या पाच मिनिटांतच आली होती आणि बाहेर पडायला धडपडत होती.

"सर, विषाणू यंत्राला सापडला नाही. पण यंत्र शोधतं कुणाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत. पहिला सगळीकडे आढळतो. दुसरा आपल्याकडे फार थोड्या लोकांत असतो. तो सावकाश चालतो, पण वर्षं मिळाली की तेच नुकसान करतो. विषाणू मोजणारं ते यंत्र फक्त पहिल्याला ओळखायचं.

"म्हणजे असं, सर," जुईली म्हणाली, "बसस्टँडवर कुणाला तरी थोरल्या भावाचा फोटो देऊन उभं केलं, आणि गाडीतून उतरला धाकटा. तो समोरून निघून जाईल आणि फोटोवाला सांगेल, कुणीच आलं नाही."

"पण यांच्या पहिल्या अहवालात स्वच्छ लिहिलंय, प्रकार एक."

"तीन तपासण्या झाल्या होत्या, सर. त्यातल्या दोन फक्त 'आहे' की 'नाही' एवढंच सांगतात. प्रकार सांगितला तो एकाच तपासणीने. ती कौंडण्यपूरच्या यात्रेत झाली, तपासणीच्या गाडीत. यांचं माहेर तिकडचं. त्या गाडीचा निकाल अमरावतीत वाचला गेला."

"अमरावतीत कोण वाचतं ठाऊक आहे ना? सरोजिनी मॅडम. मी त्यांचा विद्यार्थी. त्यांच्या हातून कागदावर चुकीचा स्वल्पविरामसुद्धा पडत नाही, आणि तू त्यांना चूक दाखवायला निघालीस?"

"चूक नाही, सर. फक्त पुन्हा तपासायचं. प्रकार ओळखणारा संच आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे."

डॉक्टर हसले. "बरं, जा. काही निघालं तर फोन कर. जेवत असलो तरी उचलीन."

पार्वताबाईंना अमरावतीला चला म्हटलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिथं तरी कोनी मले खोटी म्हननार नाई ना?"

"मी असताना कोण म्हणतं बघू."

दुपारची बस मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. मागच्या बाकांवर गर्दी नव्हती, तरी दोघी हळूच बोलत होत्या, रोगाचं नाव न घेता.

"मावशी, समजा ते दुसऱ्या जातीचं निघालं, तर तुमची गोळी पुरी पडत नाही हे उघड होईल. गोळीत तीन औषधं आहेत. त्यातलं एक त्या दुसऱ्यावर चालतच नाही. उरलेली दोनच सगळा भार ओढतात."

"म्हंजे असं का," पार्वताबाई लगेच म्हणाल्या, "कापसाच्या पऱ्हाटीवर होते तुडतुडे, अन् आपन मारून राह्यलो अळीचं औषध?"

जुईली त्यांच्याकडे बघतच राहिली. हेच समजवायला तिला पंधरा वाक्यं लागली असती.

"अगदी तसंच."

"अन् ते न चालनारं कोन्तं? सपनं पाडनारं?"

"हो. तेच."

"बाप्पा! म्हंजे मी दीड वर्स त्या म्हशीच्या मागं फुकटच चढून राह्यली!" त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. मग हसू ओसरलं. "अन् नाई निघालं दुसरं तं?"

"तर आपण आणखी शोधू."

"तू शोध. मी थकली, पोरी."

बडनेरा मागे पडलं तशी जुईली सरसावून बसली. पुस्तकात वाचलेली एक ओळ घेऊन ती शंभर किलोमीटर आली होती, आणि शेजारची बाई त्या ओळीवर आपला जीव टांगून बसली होती.

अमरावतीच्या ट्रस्टची प्रयोगशाळा दोन खोल्यांची, लख्ख पुसलेली. सरोजिनी मॅडम साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. "नोव्हेंबर दोन हजार सतरा. यात्रा. नंबर अकरा. मीच वाचलंय. प्रकार एक." मग त्यांनी बाहीचं बटण लावलं. "पण शंका आली की तपासायचं. खुशालराव, रक्त घ्या."

खुशालराव हे त्यांचे जुने तंत्रज्ञ. यात्रेतल्या गाडीवर तेच होते. पार्वताबाईंना त्यांनी ओळखलं. "तुमी त्या, इंजेक्शनले पाहून 'माये' म्हनून ओरडल्या होत्या त्याच ना?"

"ओरडली नव्हती. तुमालेच घाम सुटला होता," पार्वताबाई म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना टेबलाजवळ खुर्ची दिली. "तुमचंच रक्त आहे. तुम्ही बघा."

तपासणीचा संच म्हणजे काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. मधोमध गोल खिडकी, त्यात पांढरा पडदा. डबीवर एक अक्षरही छापलेलं नव्हतं, नुसती वरच्या अंगाला एक खाच. त्या पडद्यावर तीन जागा असतात. खाचेजवळ वर एक, खाली डावीकडे एक, खाली उजवीकडे एक. वरचा ठिपका उठला तर तपासणी नीट झाली. डावा उठला तर प्रकार एक. उजवा उठला तर प्रकार दोन. एवढंच. शाळेतलं पोर वाचू शकेल असं.

खुशालरावांनी वेगळं काढलेलं रक्ताचं पाणी टाकलं. मग धुण्याचं औषध, मग रंगाचं.

चौघांची डोकी त्या खिडकीवर वाकली. पडदा आधी गुलाबी झाला, मग पांढरा. वरचा ठिपका उमटला.

"हा तं सगळ्याईलेच येतो," खुशालराव म्हणाले.

डावीकडे काही नव्हतं. जुईली डोळे न मिटता बघत होती. डावीकडे अजून काही नव्हतं. आणि उजवीकडे, आधी भास वाटावा इतका फिका, मग शेंदरी, मग पळसाच्या फुलासारखा लालभडक ठिपका वर आला.

"उजवा!" जुईली ओरडलीच. "मॅडम, उजवा!"

"दिसतंय मला," मॅडम म्हणाल्या. "दुसरी डबी काढा. या वेळी मी करते."

दुसऱ्या डबीतही उजवाच उठला.

पार्वताबाईंनी जुईलीचं मनगट धरलं. "तुडतुडे?"

"तुडतुडे, मावशी!"

पण मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या. "मग त्या दिवशी मी काय वाचलं? खुशालराव, फोटो काढा."

इथल्या कामाची एक पद्धत होती. तपासणी करणाऱ्याने निकाल वाचायचा नाही. हात एकाचे, डोळे दुसऱ्याचे, म्हणजे कुणाच्या मनातलं कागदावर उतरत नाही. गाडी बाहेरगावी असली की तपासणी करणारा डबीचा फोटो पाठवायचा आणि अमरावतीत मॅडम वाचायच्या. निकाल ठरलेल्या वेळात घेतला याची खूण म्हणून गाडीतलं घड्याळही फोटोत यायला हवं, असा नियम होता. पद्धत चोख होती. म्हणूनच तिच्यावर कुणाला शंका आली नव्हती.

मॅडमच्या संगणकात फोटो होता. डबीवर पेनाने लिहिलेला नंबर स्वच्छ होता, 11. खाच वर. वरचा ठिपका, आणि खाली डावीकडे ठिपका. उजवीकडे कोरं.

फोटो खोटा नव्हता आणि समोरच्या दोन डब्याही खोट्या नव्हत्या.

"रक्त बदललं असेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "मग त्या दिवशी यांचं म्हणून जे गेलं ते दुसऱ्याच कुणाचं. आणि तो माणूस..."

"नाई मॅडम!" खुशालरावांचा चेहरा उतरला होता. "एक झाल्याबिगर मी दुसऱ्याची शिशी उघडतच नाई. त्या दिवशी सत्तावीस लोकं आले. एकच निघाला. हा अकराच."

जुईली फोटोकडे बघत होती. डबीच्या मागे गाडीच्या भिंतीवर घड्याळ दिसत होतं. कुठल्याशा दुकानाने भेट दिलेलं, आकडे नसलेलं, नुसत्या बारा रेघा. ते एक चाळीस दाखवत होतं.

"खुशालराव भाऊ, ही तपासणी दुपारी केली का?"

"छे! सकाळी. एकले तं आमी गाडी बंद करून भाकर खाल्ली."

"मी देवळात जायच्या आधी गेली होती," पार्वताबाई म्हणाल्या. "तवा पूजा बी झाली नव्हती."

जुईलीने रजिस्टर ओढलं. नंबर अकरा, वेळ दहा वीस. अक्षर खुशालरावांचंच.

"मला फोटो संध्याकाळी मिळाला," मॅडम म्हणाल्या. "यात्रेत मोबाइल चालत नव्हते. एक चाळीस बघून मला काहीच वावगं वाटलं नाही."

दहा वीस आणि एक चाळीस. जुईलीने मनातल्या मनात काटे फिरवून पाहिले. दुसऱ्याच क्षणी ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, हा फोटो छापून द्या. आत्ता. लगेच!"

छपाईयंत्र कुरकुरत होतं तोवर ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. कागद हातात आला तशी ती धावत हात धुण्याच्या बेसिनकडे गेली आणि तिथल्या आरशासमोर तो धरला.

"या! सगळे इकडे या! आरशात बघा!"

तिघं मागे दाटीने उभे राहिले. आरशातलं घड्याळ दहा वीस दाखवत होतं. आरशातला ठिपका उजवीकडे होता. आणि 11 आरशातही 11च होता, म्हणून दीड वर्ष कुणाला काही कळलं नव्हतं. नंबर बारा असता, चौदा असता, तर आकडा उलटा दिसून पहिल्याच दिवशी सगळ्यांचे डोळे उघडले असते.

"सेल्फीचा कॅमेरा!" जुईली म्हणाली. "भाऊ, तुम्ही फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला?"

खुशालरावांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा. त्या दिवशी सकाळीच फोन पडला होता गर्दीत. मागची काच फुटली. सारं धुकट दिसे. म्हनून मी फोन उलटा धरला अन् पुढच्यानं काढला. त्या फोनले मेला आरशावानीच फोटो ठेवाची सवय होती. मी डबीकडे पाहिलं बी नाई नीट. वाचाचं नाई, हाच तं नियम!"

"बाकीच्यांचे फोटो?"

"पहिल्या साध्या तपासनीत 'आहे' आलं तरच ही डबी उघडतो मी, अन् त्या दिवशी ती ही एकच. दुसऱ्या दिवशी नवा फोन घेतला."

मॅडमनी तरी रजिस्टर उघडून त्या दिवसाची सत्तावीस नावं एकेक करून पाहिली. सव्वीस जणांपुढे 'नाही' लिहिलेलं होतं. मगच त्यांनी श्वास सोडला.

"रक्त बदललं नाही," त्या म्हणाल्या. "कुणा दुसऱ्याचं काही गेलं नाही."

"माहं गेलं की," पार्वताबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नव्हत्या, पण हसतही नव्हत्या. "दीड वर्स. मी गोळ्या फेकतो म्हनून आयकलं. घरी बी आयकलं, दवाखान्यात बी."

सरोजिनी मॅडम त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "ते दीड वर्ष मी परत देऊ शकत नाही, पार्वताबाई. वाचणारी मी होते. घड्याळ फोटोत असावं हा नियम मीच केला आणि मीच ती वेळ रजिस्टरशी ताडून पाहिली नाही. तुम्ही खरं बोलत होता, हे मी माझ्या सहीने लिहून देते. आणि पुढच्या औषधाला एक दिवसही उशीर होणार नाही हे मी बघते."

पार्वताबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लिहून द्या. मोठ्या अक्षरात लिहा. माहा दीर महादेवराव चष्मा लावत नाई."

आणि मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही.

जुईलीने फोन लावला तेव्हा डॉक्टर नारायण खरंच जेवत होते. "दोन?" ते घास तोंडात ठेवूनच ओरडले. "प्रकार दोन? नक्की? मॅडम काय म्हणाल्या?"

"मॅडम म्हणाल्या, नारायणला सांग, फोटो कधीही आरशात बघूनच वाच."

रक्ताचा नमुना त्याच दिवशी मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे रवाना झाला. मधले दिवस जुईली रोज सकाळी टपाल आधी पाही आणि चहा नंतर पिई. पार्वताबाईंनी जुनी गोळी तोवर सोडली नाही. जुईलीने फोनवर बजावलं होतं की तिच्यातली दोन औषधं तरी काम करतायत. बाराव्या दिवशी उत्तर आलं. त्यांचाही निकाल प्रकार दोन असाच होता. डॉक्टरांनी दुपारीच पार्वताबाईंना बोलावून घेतलं, आधी माफी मागितली आणि मग नवी औषधं लिहिली. सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी दोन.

"चार?" पार्वताबाई म्हणाल्या. "अन् या काय दाखवतात?"

"या पोट थोडं बिघडवतात."

"पोटाचं पाहून घेऊ."

नोव्हेंबरात त्या पुन्हा रक्त द्यायला आल्या. अंगावर थोडं मांस आलं होतं, आवाज खणखणीत होता. पण जुईलीला दिसण्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. तिने नमुना यंत्रात सरकवला आणि यंत्रासमोर उभी राहिली. बसवेना. मोजणी सुरू होती. एकशे अठ्ठावन्नच्या खाली आला तर? तिथंच राहिला तर? डबी बरोबर होती, औषध बरोबर होतं, पण राखणदार किती उरले होते हे यंत्रच सांगणार होतं.

कागद आला.

ती हातमोजे न काढताच बाहेर धावली. बाकावरचे सात-आठ लोक दचकून बघायला लागले. तिने स्वतःला आवरलं, पार्वताबाईंना आत बोलावलं, दार लोटलं, आणि मग तिला राहवलं नाही.

"दोनशे एकेचाळीस! मावशी, दोनशे एकेचाळीस! चढला!"

पार्वताबाईंनी कागद हातात घेतला. आकडा स्वतः वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर. डोळे भरून आले ते त्यांनी पदराने टिपले, पण बोलणं मात्र नेहमीचंच.

"पाचशे व्हाले किती दिवस लागतीन?"

"वेळ लागेल. वर्ष, दोन वर्षं. कदाचित जास्त."

"लागू दे. घाई नाई मले." त्यांनी कागदाची घडी केली, ब्लाउजमध्ये खोचली आणि उठल्या. "आता जातो मी. पाच बाया लावल्या कापूस येचाले. मी नाई गेली तं बांधावर बसून गप्पा मारतीन."